केळुसकरबाईंच्या पाच जणी

माझ्या संघातल्या पाचही जणी पुरुष आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मागाहून लोक फोन करून विचारतात आणि मला तेच तेच समजावत बसावं लागतं. भुंग्यांच्या जातीत शिंग नराला असतं. शिंगडाव खेळायचा तर शिंग हवं, म्हणजे नर हवा. पण मी, ज्योत्स्ना केळुसकर, आयुष्यभर वेंगुर्ल्याच्या शाळेत मुलींची कबड्डी घेतली. जिभेला मुलींचंच वळण. निवृत्त झाल्यावर हातात पाच भुंगे आले तेव्हा मी त्यांना माझ्या पहिल्या जिल्हाविजेत्या संघातली नावं देऊन टाकली. रेश्मा, दर्शना, चित्रा, पल्लवी आणि तृप्ती.

खऱ्या रेश्माची मुलगी आता कॉलेजात जाते. पण सामना झाला की रेश्माचा कुडाळहून फोन ठरलेला. "बाई, काल मी कशी खेळले?"

"बरी खेळलीस. पण शिंग अजून डावीकडे झुकतं तुझं."

"शिंगाचं जाऊ दे बाई, दम टिकला का?"

तर भुंग्यांविषयी. नारळीच्या बागा असणाऱ्यांना गेंड्या भुंगा सांगायला नको. माडाच्या शेंड्यातल्या कोवळ्या सुईत, म्हणजे न उलगडलेल्या पानात, शिरून तो झाड आतून खातो. बागाईतदारांनी त्याच्या नावाने बोटं मोडली, औषधं मारली, सापळे लावले. तो आपला मजेत. शेवटी किनाऱ्यावरच्या कीटक केंद्राने उलटा विचार केला. भुंग्यांना हुसकायचं तर त्यांच्याहून दांडगे भुंगे हवेत. पण किडा मोठा होत नाही, याला कारण आहे. त्याला फुप्फुस नसतं. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, तिथून हवा नळ्यानळ्यांनी थेट आत झिरपते. अंग वाढलं की हवा आतपर्यंत पोचत नाही, म्हणून किडे आपल्या मापात राहतात. केंद्राने त्या नळ्या रुंद होतील असा जनुकांत फेरफार केला आणि अळ्यांना जादा प्राणवायूच्या खोलीत वाढवलं. सोललेल्या नारळाएवढे भुंगे निघाले. पिल्लं होऊ न शकणारे हे दांडगोबा बागेतल्या शेणखताच्या खड्ड्यांवर, जिथे भुंगे अंडी घालायला जमतात तिथे, सोडले की ते रानटी नरांना शिंगावर घेऊन बाहेर फेकत. माद्या वाट बघून निघून जात. बागा सावरल्या.

आणि आपली माणसं काय, जिथे दोघं एकमेकांना ढकलतायत तिथे गोल करून उभी राहणारच. खड्ड्याभोवती गर्दी जमायला लागली, मग पैजा, मग गावागावांचे संघ, मग नियम. असा शिंगडाव जन्माला आला. पाच विरुद्ध पाच. समोरच्याला उचलून किंवा ढकलून त्याच्या शेवटच्या रेषेबाहेर काढायचं, की एक गुण. बाहेर गेलेल्याला परत आत ठेवतात. पाठ एवढी टणक, की इजा म्हणाल तर मानाला होते तेवढीच.

आता खरी गंमत. भुंग्याला शिकवायचं कसं? त्याला शिट्टी कळत नाही, रागावलेलं कळत नाही. केंद्राच्या डॉक्टर वराडकरांनी शोधून काढलं की अळी कोशात जाते तेव्हा तिचा जुना मेंदू जवळजवळ मोडतो आणि नवा बांधला जातो. त्या बांधकामाच्या दिवसांत जो वास सतत भोवती असेल, तो 'घरचा' म्हणून आत पक्का बसतो. ते त्याला गंधठसा म्हणतात. ज्याचा ठसा, त्याच्याकडे भुंगा तोंड करतो, तो मागे उभा असला की धिटाईने पुढे जातो, गोंधळला की त्याच्याकडे परततो. आम्ही मास्तर लोक म्हणजे या भुंग्यांना चालतंबोलतं घर.

पण घराने आपला वास बदलायचा नाही! वासाचा साबण बंद, डोक्याला तेल बंद, उदबत्ती बंद. लसूण बंद, मासे बंद. वेंगुर्ल्यात राहून मासे बंद, म्हणजे काय ते तुम्हीच समजा. सुरंगीच्या दिवसांत सगळा गाव गजरे माळून घमघमत असे आणि मी आपली कोरडा अंबाडा बांधून भुंग्यांना केळं भरवत बसे. आमचे हे, म्हणजे मोहन केळुसकर, ते तर पार वैतागले होते. "सकाळपासून त्यांका चार वेळा खावक घातलंस," ते म्हणत. "माका एकदा तरी विचारलंस?"

"तुम्ही जिंकून येता का कुठे?"

"हरान तरी खय येतंय? घरातच असतंय मी."

खोटं कशाला बोलू, मला त्या पाच जणींचं वेड लागलं होतं. कोश मातीच्या मडक्यात होते तेव्हा मी मडक्यांशेजारी चटई टाकून झोपले. त्या बाहेर आल्या तेव्हा पिवळट, मऊ होत्या, आणि माझ्या तळहातावर बसूनच काळ्या होत गेल्या. अळीपणी कोणाला कुजकं माडाचं खोड जास्त, कोणाला शेणखत जास्त असं दिलं होतं, त्यामुळे पाच जणींची पाच अंगं झाली. रेश्माचं शिंग लांब, ती समोरच्याच्या पोटाखाली ते घालून अलगद उचलते. दर्शना आणि चित्रा रुंद पाठीच्या, कोपरे सांभाळणाऱ्या. पल्लवीचे मागचे पाय दांडगे, ती नुसती रेटते. आणि तृप्ती काहीच करत नाही. ती नखं रोवून उभी राहते आणि कोणाच्या बापाला हलत नाही. प्रत्येक संघाला अशी एक लागते. बातमी तिच्यावर कधी येत नाही, आणि ती नसली तर संघही नसतो.

रोज सकाळी अंगणातल्या प्राणवायूच्या तंबूत मी शिरले की पाचही जणी माझ्या दंडावर चढत. मिशा माझ्या मनगटावर टेकवून पंखांखालून 'चर्र चर्र' असा आवाज करत. वराडकर म्हणायचे, हा नुसता घर्षणाचा आवाज आहे बाई, याला माया म्हणू नका. मी म्हणायचे, बरं. आणि मनात त्याला मायाच म्हणायचे.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्याला पोचलो आणि वराडकर घरी आले. चहा हातात घेऊन बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "बाई, नवीन अळ्यांची खेप आली आहे. सगळ्यांच्या तंबूंना द्यायला प्राणवायू पुरत नाही. असं ठरलंय की विजेता संघ तेवढा मास्तरांकडे राहील. बाकीचे बागांच्या कामाला सोडायचे."

"म्हणजे साध्या हवेत?"

"साध्या हवेत."

साध्या हवेत एवढा मोठा भुंगा महिनाभर धापा टाकतो आणि संपतो. हे वराडकरांना ठाऊक होतं आणि मलाही. तंबूत ठेवला तर तो आणखी दोन-तीन वर्षं सहज काढतो. चहा तसाच ठेवून ते उठले. चांगला माणूस, पण ठरवणारा तो एकटा नव्हता.

म्हणजे अंतिम सामना जिंकायचा, नाहीतर पाच जणी गेल्या. इतकं साधं.

त्यात वादळाचा इशारा आला आणि सामना पुढे ढकलला गेला. नवी तारीख नेमकी आमच्या गार्गीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. गार्गी माझी एकुलती एक मुलगी. लग्न कुडाळला, सामनाही कुडाळलाच, एवढाच काय तो दिलासा. पण लग्नाआधी हळद येते. आणि हळद म्हणजे माझ्या पाच जणींच्या लेखी विषच. धान्यात किडे होऊ नयेत म्हणून आपण हळकुंडं टाकतो ना, ते उगीच नाही. हळदीतल्या तेलाच्या वासाने किडे लांब पळतात, आणि ते तेल कातडीत मुरलं की आठवडाभर जात नाही.

मी गार्गीला सांगितलं, "मी हळदीला येईन, पण केंद्रातले लोक घालतात तो पांढरा अंगरखा घालून. हातमोजे, टोपी सगळं."

मला वाटलं होतं भांडेल. ती नुसती म्हणाली, "तुला जमेल तसं ये, आई." आणि साड्यांच्या पिशव्या आवरायला लागली. भांडली असती तर मी जोरात भांडले असते. आता काय करणार?

ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "माका काय विचारतंस? तुका जा बरा वाटता ता कर." थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "पण चेडवाची हळद एकदाच येता."

हळदीच्या दिवशी मी अंगरखा चढवून मांडवात गेले. बायका तोंडात पदर घालून हसल्या. एक मावशी म्हणाली, अगो ज्योत्स्ना, मधाचं पोळं काढायला आलीस की मुलीला हळद लावायला? मीही हसले. नवऱ्यामुलाकडची उष्टी हळद आली, वाटीत कालवली गेली, आणि एकेक बाई पुढे होऊन गार्गीला लावू लागली. ह्यांना हळदीने खाज सुटते, म्हणून त्यांनी दुरूनच अक्षता टाकल्या आणि जेवणाकडे बघायला पळाले. मग माझी पाळी आली.

मी वाटीत हात घातला. रबरी मोजा पिवळा झाला. गार्गीच्या गालाला बोटं लावली आणि ती दचकली. मोजा गार होता. तिने वर बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत राग असता तर मी निभावून नेलं असतं, पण तिथे नुसती समजूत होती. आईचं असंच असतं, अशी समजूत. लहानपणापासून माझे सामने, माझी शिबिरं, माझ्या मुली, यांच्या मधल्या फटीत ती वाढली होती आणि कधी कुरकुरली नव्हती.

मी दोन्ही मोजे ओढून काढले. टोपी काढली. वाटीतली उरलीसुरली हळद दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्या गालांना, गळ्याला, दंडांना, पायांना चोळली, लहानपणी अंघोळीआधी तेल चोळायचे तशी. गार्गी ओरडली, "आई, तुझा सामना!"

"गप्प बस. हात वर कर."

मग तिने माझ्या गालाला गाल लावला आणि बराच वेळ काढला नाही. मला पाच जणी आठवत होत्या, नाही असं नाही. रेश्माचं लांब शिंग, तृप्तीची रोवलेली नखं. आपण त्यांना मारतोय हे कळत होतं. तरीही मी गाल मागे घेतला नाही, आणि आजही तसंच करीन.

लग्न झालं. रात्री मी बेसन, लिंबू, ताक, राख, सगळं लावून बघितलं. वराडकरांनी कसलंसं औषधी पाणी पाठवलं. अंग लाल झालं, पण पिवळेपणा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या मैदानावर मोठा पारदर्शक तंबू उभारला होता. आत जादा प्राणवायू, मातीचं आखीव मैदान, बाहेर गर्दी. एक पुढारी दीपप्रज्वलनासाठी समई घेऊन आतच निघाले होते, त्यांना दोघांनी धरून थांबवलं. एवढ्या प्राणवायूत काडी ओढली असती तर आम्ही सगळेच प्रज्वलित झालो असतो. शेवटी त्यांनी बाहेर एक दिवा बटणाने लावला आणि टाळ्या झाल्या.

समोर अलिबागचे हेमंत म्हात्रे आणि त्यांचे पाच. चांगला संघ, चांगला मास्तर. मी माझ्या रेषेमागे उभी राहिले आणि सहायकांनी हळदीआधीच मी भरून दिलेल्या प्राणवायूच्या पेटीतून पाच जणींना मैदानात सोडलं. एरवी त्या आधी माझ्याकडे वळायच्या. आज वळल्या, मिशा उचलल्या, आणि पाचही जणी एकदम मागे सरकल्या. माझ्यापासून लांब. रेश्मा तर उलटी होता होता राहिली.

मला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि भलतंच घडलं. त्यांना माझ्यापासून लांब जायचं होतं, आणि लांब जायची वाट एकच होती, समोरची. पाच जणी धडाधड अलिबागच्या अंगावर गेल्या. रेश्माने एकाला उचलून टाकलं, पल्लवीने दोघांना रेटत रेषेबाहेर नेलं. बाहेर लोक नाचायला लागले. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आम्ही सहाला एक असे पुढे होतो.

आमचे हे बाहेरून प्लॅस्टिकच्या भिंतीला नाक लावून ओरडत होते, "गो, अशीच उभी रव! हलू नको!"

मी वाकून बघितलं. पाच जणी मधल्या रेषेवर एकमेकींना चिकटून होत्या. पोटं भराभर हलत होती. मिशा आत दुमडून घेतलेल्या, आणि भुंगा मिशा दुमडतो तो फक्त घाबरल्यावर.

मला माझ्या शाळेतली एक मुलगी आठवली. तिचा बाप रेषेबाहेर छडी घेऊन उभा राहायचा. ती वाऱ्यासारखी खेळायची आणि लोक तिचं कौतुक करायचे. एकदा मी चालू सामन्यात त्या बापाचा दंड धरून त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडलं. त्या दिवशी मुलगी वाईट खेळली आणि आम्ही हरलो. मला त्याचं काही वाटलं नाही. भीतीने पळणाऱ्या पोरीला खेळाडू म्हणत नाहीत. आणि आज रेषेमागे छडी घेऊन उभी होते मी.

पंचांना विचारलं, "मास्तरने आत थांबलंच पाहिजे असा नियम आहे?"

त्यांनी आपसात विचारलं. नव्हता. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की कोणी बाहेर जाईल.

मी तंबूबाहेर आले. ह्यांनी कपाळाला हात लावला. मी सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तिथे गार्गी होती, हिरवा चुडा आणि पिवळे गाल, सासरहून नवऱ्याबरोबर आलेली. तिने माझा हात हातात घेतला.

दुसरा डाव सुरू झाला. पाच जणींच्या मागे आता कोणी नव्हतं, भीती नव्हती आणि घरही नव्हतं. रेश्मा वळून वळून रिकाम्या रेषेकडे बघत होती. अलिबागने तिला बाहेर काढलं. मग चित्राला. मग परत रेश्माला. सहाला चार. मी डोळे मिटून घेतले. गार्गी म्हणाली, "आई, बघ. तृप्ती."

तृप्ती नेहमीसारखी नखं रोवून उभी होती. बाहेरून परत आत ठेवलेली रेश्मा भेलकांडत तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर मिशा टेकवल्या. तिथेच थांबली. मग मिशा सरळ झाल्या. मग दर्शना आली, तिने रेश्माच्या पाठीला मिशा लावल्या. चित्रा, पल्लवी. पाच जणी एकमेकींना खेटून एका ओळीत उभ्या राहिल्या, आम्ही कबड्डीत साखळी धरतो तशा. भुंग्यांनी असं केलेलं कोणी बघितलं नव्हतं. मी त्यांना असं काही शिकवलंही नव्हतं.

वराडकर माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "बाई, भुंग्याच्या पाठीवर मेणाचा पातळ थर असतो. वास त्यात मुरतो. वर्षभर तुम्ही त्यांना हाताळलंत. तुमचा वास तुमच्या अंगावरून गेला. त्यांच्या अंगावरून गेला नाही."

त्या एकमेकींच्या पाठीवर मला हुंगत होत्या.

अलिबागने जंग जंग पछाडलं. एकदा चित्रा सुटली, एक गुण गेला. सहाला पाच. म्हात्रे रेषेमागे गुडघ्यांवर बसून आपल्या पाचांना बळ देत होते. ते पाच एकत्र आले आणि साखळीवर आदळले. साखळी वाकली, तृप्तीच्या नखांनी मातीत सहा चर पडले, आणि शेवटची शिट्टी झाली तरी ती रेषेच्या आतच होती.

मग काय गोंधळ झाला तो मी सांगत नाही. गार्गीने मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी खाली पडलो. म्हात्रे येऊन माझ्या पाया पडले. मी त्यांना म्हटलं, तुमचे पाच आमच्याकडे पाठवून द्या, माझ्या तंबूत जागा आहे. वराडकर ऐकत होते. त्यांनी लगेच होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही, आणि पुढे ते पाच खरंच आमच्याकडे आले.

पण त्या क्षणी अडचण वेगळीच होती. माझ्या पाच जणींना उचलून पेटीत ठेवायचं होतं. मला आत जाता येत नव्हतं, गार्गी माझ्याहून पिवळी, आणि आता एकमेकींना धरून बसलेल्या त्या परक्या हाताला बधेनात. एका सहायकाच्या बोटाला पल्लवीने असा काही हिसका दिला की तो बाहेरच आला. उरले आमचे हे.

"मी?" ते म्हणाले. "मी त्यांका हातसुद्धा लावलंय नाय कधी!"

"आज लावा."

कुरकुरत, चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसे ते तंबूत शिरले. मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणान हाक मारू?"

"नावाने!"

त्यांनी घसा साफ केला. "रेश्मा," ते हळूच म्हणाले. "चल गो बाय. घराक जावया."

रेश्मा वळली. मिशा उचलल्या. आणि सावकाश चालत जाऊन त्यांच्या पायजम्यावरून वर चढली, पोटावरून छातीवर गेली, आणि सदऱ्यात मिशा खुपसून 'चर्र चर्र' करायला लागली. मागोमाग बाकीच्याही निघाल्या. आमचे हे दोन्ही हात पसरून खांबासारखे उभे. हलायची सोय नाही.

"गो ज्योत्स्ना," ते आतून ओरडले, आणि इतकी वर्षं संसार केला पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गो, ही माझो वास घेता!"

मी प्लॅस्टिकच्या भिंतीला दोन्ही पिवळे हात टेकवले.

"तुमचो नाय ओ," मी ओरडून सांगितलं. "माझो!"